वीजबचतीचे कर्ज : यंत्र थांबते, हप्ता थांबत नाही

शहादा : कापसाचा हंगाम संपला की जिनिंगची यंत्रे थांबतात, कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहतात. कमी वीज खाणाऱ्या मोटारी बसवण्यातला खरा धोका हाच.

समजा, 10 लाख रुपये खर्च केले आणि महिन्याला 40 हजारांची वीज वाचली. बारमाही सूतगिरणीत ही रक्कम 25 महिन्यांत सुटते. वर्षातून पाचच महिने चालणाऱ्या जिनिंगला पाच हंगाम लागतील, तेही व्याज न धरता. कोटेशनमधला हिशेब किती महिन्यांचा आहे, ते आधी विचारा.

केंद्राने जुलै 2025 मध्ये सुरू केलेल्या 1000 कोटींच्या योजनेत अशा कर्जावर सूक्ष्म-लघु उद्योगांना 5 आणि मध्यम उद्योगांना 3 टक्के व्याजसवलत आहे. 14 क्षेत्रांत वस्त्रोद्योगही आहे. व्याज हलके झाले. पण वीज वाचलीच नाही तर?

तिथे ‘एस्को’ कंपनीचा करार उपयोगी पडतो. खर्च कंपनी करते आणि वाचलेल्या विजेच्या पैशातून वसूल करते. मात्र तुलना महिन्याच्या बिलाशी नको. आवक घटली तरी बिल उतरते, आणि तीही ‘बचत’ ठरते! एका गाठीमागे किती युनिट लागतात, हे मोटारी बदलण्यापूर्वी मोजून करारात लिहून घ्यावे. बँकेकडे हप्तेही हंगामाप्रमाणे बांधून मागावेत.