झिंग्याचे बाळपण

बीबीच्या बाजारात सुकट पाखडत बसलेल्या एका आजींनी मला एकदा विचारले, "का हो भाऊ, हा जवळा म्हंजे झिंग्याचे पिल्लंच ना? मंग हे असे खाऊन टाकले तं मोठे झिंगे येतीन कोठून?" बीबीहून समुद्र सरळ रेषेतसुद्धा साडेतीनशे किलोमीटरांच्या पलीकडे. पण किनाऱ्यावरचे अभ्यासक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ज्या प्रश्नाचा माग काढतात, तोच आजींनी टोपलीपाशी बसून विचारला.

जवळा हे कोळंबीचे पिल्लू नव्हे. ती निराळीच जात आहे. इंच-दीड इंचाची झाली की तिची वाढ पुरी झाली. कोळंबीला चालण्याच्या पायांच्या पाच जोड्या असतात, जवळ्याला तीनच. मात्र वाळलेल्या सुकटीचे पाय मोडून गेलेले असतात, तेव्हा बाजारात कपाळ पाहावे. कोळंबीच्या कपाळावर करवतीसारखा दातेरी काटा पुढे आलेला असतो; जवळ्याचा काटा इतका आखूड, की नाहीच म्हणा ना!

मग खरे पिल्लू असते तरी कसे? आईसारखे मुळीच नसते. समुद्रातली कोळंबी आपली अंडी पाण्यात मोकळी सोडून देते. वाघी कोळंबीची मोठी मादी एका वेळी काही लाख अंडी सोडते. (आपल्या नद्या-धरणांतल्या झिंग्याच्या पोटाखाली अंड्यांचा घोस दिसतो ना? तो वंश वेगळा. त्याचे पहिले बाळपण अंड्यातच सरते.) दिवसाच्या आत अंडे फुटून जो जीव बाहेर पडतो, त्याला नॉप्लियस म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी, मधोमध एकच डोळा, वल्ह्यांसारख्या अवयवांच्या तीन जोड्या. हा काही खात नाही. अंड्यातल्या बलकाची शिदोरी पुरवतो आणि दोनेक दिवसांत सहा अवस्थांतून जातो. हा कोळंबीचाच बाळ, हे १८६३ साली ब्राझीलमध्ये राहणाऱ्या फ्रिट्झ म्युलर यांनी दाखवून दिले.

पुढची पायरी प्रोटोझोइया. आता भूक लागते आणि पाण्यातली सूक्ष्म शेवाळे पोटात जाऊ लागतात. बीज तयार करणारे लोक या वेळी पोराच्या मागे लोंबणारा विष्ठेचा लांब धागा शोधतात. धागा दिसला म्हणजे पोर खातेपिते आहे! या पायरीला तीन टप्पे. पहिल्यात डोळ्यांना देठ नसतात, दुसऱ्यात देठ येतात आणि कपाळाचा काटाही फुटतो, तिसऱ्यात शेपटीचा पंखा उघडतो. त्यानंतरचा मायसिस डोके खाली करून तरंगतो आणि झटके देत मागे मागे जातो. त्याच्या पोटाखाली पोहण्याच्या पायांचे कोंब येतात. ते पाय चालू लागले, की दहा-बारा दिवसांच्या प्रवासानंतर कोळंबीचे रूप दिसू लागते.

अवस्था ओळखणे जमते; जात ओळखणे महाकठीण. निरनिराळ्या कोळंब्यांचे नॉप्लियस जुळ्या भावंडांसारखे असतात. यावर एक उपाय असा: जात ठाऊक असलेली मादी टाकीत ठेवायची, अंडी घालू द्यायची आणि प्रत्येक कातीगणिक पिल्लाचे चित्र काढायचे. जपानात मोतोसाकू फुजिनागा यांनी १९३४ साली हे साधले. कोळंबीच्या शेतीचा पाया त्यातूनच पडला. अशी चित्रे हाताशी असली, की समुद्रातून गाळून आणलेल्या पिल्लांवरून कोणती कोळंबी कोठे आणि केव्हा वीते याचा अंदाज बांधता येतो.

तरी आजींची शंका अगदीच वावगी नव्हती. रूप पालटलेली ही पिल्ले पुष्कळदा खाड्यांत शिरतात, तिथे वाढतात आणि मग समुद्राकडे परततात. जवळ्यासाठी लावलेल्या डोल जाळ्याचा शेवट बारीक विणीचा असतो, त्यात जवळ्याबरोबर हीही सापडतात. मी कपाळाची खूण सांगितली, तशी आजींनी टोपलीत बोटे फिरवली आणि दातेरी काट्याचे चार-पाच नग वेचून माझ्या हातावर ठेवले. म्हणाल्या, "हे घ्या. हे तं पिल्लंच निघाले!"