करवतीचा वाटाड्या

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण माणसांसाठीं झाली. यंत्रांच्या बाबतींत मात्र पुष्कळदां अंगणच खरोखर वांकडें असतें आणि दोष नाचणारीच्या माथीं येतो. लांकूड कापणाऱ्या पट्टाकरवतीची फळी वांकडी निघूं लागली, म्हणजे चालकाची पहिली नजर दांत्यांकडे जाते. धार गेली असें समजून तो पट्टा बदलतो. नवा पट्टाही वांकडा चालला, तर लांकडांतील गांठींवर रागावतो. आणि शेवटीं सारें यंत्रच कुचकामाचें ठरवितो. खरा अपराधी बहुधा तळहातांत मावेल एवढा एक पोलादी रूळ असतो. तो स्वतः लांकूड कापीत नाहीं. कापणाऱ्याला सरळ वाटेनें नेतो. हा वाटाड्या झिजला म्हणजे काय होतें, झीज कशी ओळखावी आणि झिजलेले भाग कसे बदलावे, हा या भाषणाचा विषय आहे.

पट्टाकरवत म्हणजे दोन चाकांवरून शिवणाच्या यंत्राच्या वादीप्रमाणें अखंड फिरणारा, एका कडेला दांते असलेला पोलादाचा पट्टा. ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या विल्यम न्यूबेरी यानें इ. स. १८०८ मध्यें तिचें पेटंट घेतलें; परंतु पट्ट्याचीं दोन टोकें जेथें जोडावयाचीं तेथेंच तो तुटे, म्हणून पुष्कळ वर्षें ती कागदावरच राहिली. १८४६ मध्यें फ्रान्सांत क्रेपँ नांवाच्या बाईनें हा सांधा पक्का करण्याची रीत काढली आणि पुढें पॅरिसच्या पेरँ कारखान्यानें ती व्यवहारांत आणली. नंतरच्या मोठ्या गिरण्यांत ओंडका गिरणीकडे जाई. फिरत्या गिरणींत हा क्रम उलटा झाला. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें १९८२ सालीं वुड-मायझर ही कंपनी निघाली, आणि मोटारीमागें जोडून नेतां येणाऱ्या लहान पट्टाकरवतींचा प्रसार तिच्यामुळें पुष्कळ वाढला. या यंत्रांत ओंडका आपल्या जागीं निश्चल असतो आणि रुळांवरून गाडी जावी तशी करवत त्याच्यावरून पुढें सरकते.

गिरणीनें लांकडाकडे जावें याचें महत्त्व वादळानंतर कळतें. अमेरिकेच्या ईशान्य भागांतील न्यू इंग्लंडवर २१ सप्टेंबर १९३८ रोजीं मोठें तुफान आलें आणि पाइनचीं वनेंच्या वनें आडवीं झालीं. पडलेलें झाड कोणासाठीं थांबत नाहीं. त्याला कीड लागते, बुरशी चढते आणि कांहीं हंगामांतच इमारती लांकडाचें सरपण होतें. म्हणून तेथें असंख्य ओंडके तळ्यांत सोडून पाण्यांत राखावे लागले. न्यू हॅम्पशायरमधील काँकर्ड शहराजवळ टर्की पाँड नांवाचें तळें आहे. त्याच्या कांठीं १९४२ सालीं, पुरुष युद्धावर गेले असतां, स्त्रियांनीं गिरणी चालवून हे ओंडके कापले. २०२४ च्या सप्टेंबरांत हेलीन वादळानें पश्चिम नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांत पुन्हां असेच वृक्ष उन्मळून पाडले. अशा वेळीं दारीं येऊं शकणारी गिरणी एका झिजलेल्या रुळापायीं बंद पडली, तर काळ तिच्यासाठीं थांबत नाहीं.

या यंत्राचा मोठा गुण म्हणजे त्याचा पातळ पट्टा. मोठ्या चक्री करवतीची चीर सुमारें पाव इंच रुंद पडते आणि तेवढें लांकूड भुसा होऊन उडतें. फिरत्या पट्टाकरवतीचा पट्टा बहुधा सव्वा इंच रुंद आणि एक मिलिमीटरभर जाड असतो. दांत्यांची फाक धरूनही त्याची चीर एक द्वादशांश इंचाच्या आसपास राहते. बारा इंची चौरस ओंडक्यापासून एक इंची फळ्या काढावयाच्या असल्या, तर चक्री करवतीनें नऊ निघतात आणि पट्ट्यानें अकरा. परंतु फळी लाटेसारखी निघूं लागली, कीं ती रंध्यानें सपाट करण्यासाठीं मुळांतच जाड कापावी लागते. एक अष्टमांश इंच जास्त धरला, तर अकराच्या दहा होतात. पाव इंच धरला, तर नऊच उरतात. पातळ पट्ट्यानें वांचविलेलें सारें लांकूड झिजलेल्या रुळानें परत घेतलें, असा हा हिशेब आहे.

आतां रुळाचें काम पाहूं. दोन चाकांच्या मधील पट्टा कांहीं फूट अधांतरीं ताणलेला असतो. तंबोऱ्याची तार मध्यभागीं बोटानें सहज दबते, घोडीजवळ दबत नाहीं. पट्ट्याचेंही तसेंच आहे. जितका अधांतरीं भाग लांब, तितका तो डळमळीत. म्हणून ओंडक्याच्या दोन्ही अंगांस एकेक रूळ बसवितात. आंतला स्थिर असतो. बाहेरचा सरकत्या दांडीवर असतो, म्हणजे ओंडका लहान असल्यास तो जवळ आणतां येतो. हे रूळ पट्ट्याला वरून सुमारें पाव इंच खालीं दाबून धरतात. प्रत्येक रुळाच्या मागच्या बाजूस एक उंच कांठ असतो. लांकडाच्या रेट्यानें पट्टा मागें सरकलाच, तर तो या कांठाला टेकतो व चाकांवरून निसटत नाहीं. कांहीं यंत्रांत रुळांच्या जोडीला ठोकळेही असतात. त्यांच्यांत आणि पट्ट्यांत कागदाच्या दोन पानांइतकीच फट ठेवतात.

रुळाचा पृष्ठभाग सपाट न राहतां एका बाजूनें झिजला, तर पट्टा तिरपा होतो. हा तिरपेपणा किती घातक आहे, तें त्रैराशिकानें कळेल. सव्वा इंच रुंदीच्या पट्ट्याची दांत्यांकडील कड मागील कडेपेक्षां एक चौसष्टांश इंच खालीं झुकली आहे, असें समजा. हा पट्टा आपल्या नाकासमोर चालत राहिला, तर दहा फुटांच्या ओंडक्यांत तो शेवटीं दीड इंच खालीं गेलेला असेल. प्रत्यक्षांत ताण त्याला तितका जाऊं देत नाहीं. तो कांहीं अंतर खालीं जातो, मग उसळून वर येतो, पुन्हां खालीं जातो. फळीवर उमटणाऱ्या लाटांचा एक उगम हाच.

रूळ इतक्या लवकर कां झिजतात? पट्टा मिनिटाला सुमारें पांच हजार फूट वेगानें धांवतो. दोन इंच व्यासाच्या रुळाला त्याच्याबरोबर मिनिटाला सुमारें साडेनऊ हजार फेरे घ्यावे लागतात. घरांतील छताचा पंखा तीन-साडेतीनशें फेरे घेतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे रुळाच्या पोटांतील बेअरिंगांवर किती भार पडतो याची कल्पना येईल. त्यांत ओला भुसा आणि चिकट राळ यांची भर पडते.

झीज ओळखण्यास डोळे, कान आणि बोटें पुरेशीं आहेत. मात्र बोथट पट्ट्यानेंही लाटा उमटतात. म्हणून आधीं नवा धारदार पट्टा चढवून पाहावा. दोष तसाच राहिला, तर यंत्र बंद करून रुळांकडे वळावें. पट्टा उतरवून रूळ हातानें फिरवावा. चांगला रूळ मुकाट्यानें फिरतो. खरखर लागली किंवा तो अडखळला, तर बेअरिंग गेलें. रूळ दोन बोटांत धरून हलवावा. खेळ जाणवला, तरी तोच निष्कर्ष. मग रुळाच्या पाठीवर सरळ पट्टी ठेवून उजेडाकडे पाहावें. मधून उजेड दिसला, तर रुळाला खांच पडली आहे किंवा तो एका अंगानें निमुळता झाला आहे. मागच्या कांठाला खोल चरे पडले असतील अथवा पट्ट्याची मागील कड निळसर झाली असेल, तर पट्टा त्या कांठावर सतत घासत होता असें समजावें. पोलाद उगाच निळें होत नाहीं. तो उष्णतेचा शेरा आहे.

भाग बदलण्यापूर्वीं एक नियम कधींही मोडूं नये. इंजिन बंद करून किल्ली खिशांत ठेवावी; पेट्रोलचें इंजिन असल्यास ठिणगीच्या प्लगची तारही काढावी. विजेवर चालणाऱ्या यंत्राचा प्रवाह मुळापाशीं तोडावा. पट्टा उतरवितांना आधीं ताण पूर्ण सैल करावा, हातांत जाड मोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. ताणलेला पट्टा स्प्रिंगच आहे. तो सुटून उलगडला, तर बोटांचा विचार करीत नाहीं.

त्यानंतर जुन्या रुळाची जागा मोजून लिहून ठेवावी: ओंडका ठेवण्याच्या चौकटीपासून त्याची उंची किती, तो बाहेर किती आला आहे, कोणता स्क्रू किती आंत आहे. दोन मिनिटांच्या या टिपणानें पुढील तासभर वांचतो. मग धरून ठेवणारे स्क्रू सैल करून आंसासह रूळ बाहेर काढावा. त्याचा पृष्ठभाग सपाट आणि कांठ शाबूत असल्यास केवळ बेअरिंगें बदलून चालेल. खांच पडलेला रूळ मात्र नवाच घ्यावा. एका रुळांत दोन बेअरिंगें असल्यास दोन्ही एकदम बदलावीं, कारण दोघांची चाल सारखीच झालेली असते.

बेअरिंग बसवितांना बहुतेक चुका हातोड्यानें होतात. बेअरिंगाला आंतील आणि बाहेरील अशीं दोन कडीं असतात आणि त्यांच्यामध्यें गोळ्या. रुळाच्या भोकांत तें दाबतांना जोर बाहेरच्या कड्यावर द्यावा. आंसावर चढवितांना आंतल्या कड्यावर द्यावा. चुकीच्या कड्यावर जोर दिला, तर तो गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर सूक्ष्म खड्डे पडतात आणि नवें बेअरिंग पहिल्याच दिवशीं म्हातारें होतें. म्हणून योग्य व्यासाचा नळीचा तुकडा लावून सावकाश आणि सरळ दाबावें. दोन बेअरिंगांमध्यें नळीसारखें कडें असल्यास तें विसरूं नये, आणि बाहेरची अडकण-कडी आपल्या खांचेंत पुरती बसल्याची खात्री करावी. झांकणबंद बेअरिंग घासलेटांत धुणें हा आणखी एक प्रमाद आहे. त्यानें मळ निघण्यापेक्षां आंतलें वंगणच विरघळतें.

रूळ जागीं गेला म्हणजे अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें त्याला नीट उभा करण्याचें आहे. पट्टा चढवून योग्य ताण द्यावा. पट्ट्याच्या सपाट भागावर, दांत्यांची फाक टाळून, एक लहान सरळ लोखंडी पट्टी आडवी अडकवावी. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकांपासून चौकटीपर्यंतचें अंतर मोजावें. दोन्ही मापें सारखीं आलीं, तर पट्टा तिरपा नाहीं. फरक आल्यास स्क्रू थोडथोडे फिरवून तो नाहींसा करावा. पट्टी लांब असल्यानें लहान तिरपेपणाही मोठा होऊन दिसतो, हीच या युक्तींतील खुबी. नंतर दुसऱ्या रुळापाशीं हेंच करावें. दोन्ही रुळांनीं पट्टा सारखाच खालीं दाबला आहे ना आणि मागच्या कांठांत व पट्ट्यांत अष्टमांश इंचापर्यंत फट आहे ना, हें पाहावें. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेंत निराळें माप दिलें असल्यास तेंच प्रमाण मानावें.

सर्व झांकणें बसवून यंत्र कांहीं मिनिटें रिकामें चालवावें. मग बंद करून, पट्टा पूर्ण थांबल्यावर, रुळाला हात लावावा. तो कोंबट असावा, चटका देणारा नसावा. शेवटीं एक फळी कापून तिची जाडी दोन्ही टोकांना व मध्यें मोजावी. हाच खरा निकाल.

परंतु झीज कशामुळें झाली याचा शोध न घेतां केवळ भाग बदलला, तर नवा रूळही जुन्याच्या वाटेनें जातो. कांठाला चरे पडले, तर फट कमी होती. बेअरिंगें वारंवार जात असतील, तर ओल व भुसा आंत शिरत आहे. राळेचा थर चढत असेल, तर पट्ट्यावर साबण मिसळलेल्या पाण्याची बारीक धार सोडावी आणि रोज काम संपल्यावर रूळ पुसावे. पट्टा बोथट असतांना करवत जोरानें पुढें लोटणें, हें तर सर्वांतच मोठें कारण. कारण तो सारा रेटा रुळांच्या कांठावर येतो.

महाराष्ट्रांत लांकूड कापण्याची गिरणी चालविण्यास वनखात्याचा परवाना लागतो आणि असें यंत्र प्रत्येकाच्या अंगणांत येणार नाहीं. तथापि घरांतील दार, खाट आणि पाट ज्या फळ्यांचे झाले, त्या कोठेंतरी अशाच वाटाड्यांच्या भरंवशावर सरळ निघालेल्या असतात. झाडाला फळी देण्याजोगें होण्यास चाळीस-पन्नास वर्षें लागतात. रूळ तपासण्यास दहा मिनिटें पुरतात. जो चालक हीं दहा मिनिटें रोज देतो, त्याच्या गिरणींत एकाच ओंडक्याच्या नऊ नव्हे, अकरा फळ्या निघतात, आणि त्याचीं दहाही बोटें शाबूत राहतात.