एका लॅपटॉपात दोन ग्राफिक्स

"भाऊ, सत्तर हजाराचा लॅपटॉप घेतला अन् दोन घंट्यात बॅटरी खतम होते. काहून?"

खामगावातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी असतात. बॅटरीच खराब निघाली, असं त्यांनी ठरवलेलंच असतं. मी स्क्रू-ड्रायव्हर बाजूला ठेवतो आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकदम दाबतो. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'वर गेलं की डावीकडे 'जीपीयू ०' आणि 'जीपीयू १' अशा दोन ओळी दिसतात. एकाखाली इंटेल किंवा एएमडी, दुसऱ्याखाली बहुधा एनव्हिडिया. आपल्या लॅपटॉपात चित्र काढणारी यंत्रं दोन आहेत, हे अनेकांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

पहिलं यंत्र प्रोसेसरच्या पोटातच असतं. त्याला स्वतःची मेमरी नसते, लॅपटॉपच्या रॅममधलीच थोडी ते वापरतं. वर्ड, एक्सेल, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म ही कामं ते थोड्या विजेत उरकतं. दुसरं यंत्र म्हणजे वेगळी चिप. तिची मेमरी वेगळी, चार, सहा किंवा आठ जीबीची. जोरात चालली की ती एकटीच पन्नास ते शंभर वॅट, मोठ्या लॅपटॉपात त्याहूनही जास्त वीज ओढते.

आमच्याकडे ट्रॅक्टर आला तरी पुष्कळ घरांनी बैलजोडी विकली नाही. नांगरटीला ट्रॅक्टर, डवरणीला बैल. लॅपटॉप बनवणाऱ्यांनी हाच हिशेब केला.

आता बॅटरीचं गणित बघा. अशा लॅपटॉपात साधारण ६० वॅट-तासांची बॅटरी धरू. हलक्या कामाला पूर्ण लॅपटॉप १० वॅट खात असेल, तर ती सहा तास पुरते. मोठी चिप कामाला लागून खर्च ६० वॅटवर गेला, की एकच तास. चिप काही काम न करता नुसती जागी राहिली, तरी खर्च दुप्पट होऊ शकतो. म्हणून खरा प्रश्न बॅटरीचा नसतोच. चिप झोपते की नाही, हा असतो.

ही अदलाबदल पूर्वी हाताने करावी लागे. २००६ च्या सुमारास सोनीच्या व्हायो एसझेड लॅपटॉपवर त्यासाठी चक्क एक खटका होता. तो सरकवायचा आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करायचा. ॲपलच्या २००८ च्या मॅकबुक प्रोमध्ये लॉग आउट करावं लागे. फेब्रुवारी २०१० मध्ये एनव्हिडियाने 'ऑप्टिमस' आणलं आणि खटका गेला. त्यात पडदा कायम लहान यंत्रालाच जोडलेला असतो. जड काम आलं की मोठी चिप जागी होते, चित्र तयार करते आणि लहान यंत्राकडे सोपवते. पडद्यावर ते तेच दाखवतं. काम संपलं की मोठीची वीज तोडली जाते. माणसाला पत्ताही लागत नाही.

लिनक्सवाल्यांना मात्र बरीच वर्षं पत्ता लागत राहिला, कारण त्यांच्यासाठी कंपनीने सोय केली नव्हती. २०१२ मध्ये फिनलंडमधल्या एका कार्यक्रमात एका श्रोत्या बाईंनी याच त्रासाबद्दल विचारलं, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. २०१९ मध्ये कंपनीने आपल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये ही सोय दिली.

मोठी चिप झोपत नाही, याची कारणं दुकानात तीच ती सापडतात. पहिलं एचडीएमआय. पुष्कळ लॅपटॉपांत हे सॉकेट थेट मोठ्या चिपला जोडलेलं असतं. बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर लावला, की तो काढेपर्यंत ती जागी. दुसरं, मागे गुपचूप चालणारी सॉफ्टवेअर, गेमचे लाँचर आणि पडदा रेकॉर्ड करणारी. तिसरं, यूट्यूबवरचा व्हिडिओ पाहून कोणीतरी सगळ्याच ॲपना 'हाय परफॉर्मन्स' लावून ठेवलेलं असतं.

उलट तक्रारही येते. लग्नाचं शूटिंग-मिक्सिंग करणारी मंडळी सांगतात, की ग्राफिक्सचे पैसे मोजले, पण व्हिडिओ अडकतच चालतो. तिथे मोठी चिप झोपलेली आणि सगळा भार लहान यंत्रावर. विंडोजमध्ये २०१८ पासून यावर सोपा उपाय आहे. सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, मग ग्राफिक्स. यादीत आपलं सॉफ्टवेअर निवडा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला 'हाय परफॉर्मन्स' द्या, ब्राउझरला 'पॉवर सेव्हिंग'. बाकीचं विंडोजवर सोडा.

आणखी एक. लाइन गेली की जड काम थांबवा. मोठ्या चिपला लागणारी वीज बॅटरी एका मर्यादेपलीकडे देऊ शकत नाही, म्हणून चिप आपोआप मंदावते. मूळचा १८० वॅटचा चार्जर हरवल्यावर ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर लावणाऱ्यांचंही तेच होतं. लॅपटॉप चालतो, वेग मिळत नाही.

वेग कमी करणारी दुसरी गोष्ट म्हणजे आमचा उन्हाळा. मे महिन्यात खामगाव-मलकापूर भागात पारा ४३-४४ वर जातो. घाटावरचं बुलडाणा त्या मानाने थंड. खोलीतच एवढी गरमी असेल, तर चिपची उष्णता जाणार कुठे? त्यात हा कापसाचा मुलूख. जिनिंगच्या आसपास वापरलेले लॅपटॉप उघडले, की पंख्यामागच्या जाळीत रुई आणि धूळ यांचा थर निघतो. चिप तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या. गादीवर किंवा उशीवर ठेवून जड काम करू नका.

महागड्या गेमिंग लॅपटॉपांत आता पडदा थेट मोठ्या चिपला जोडण्याची सोय पुन्हा आली आहे. तिला 'मक्स स्विच' म्हणतात. चित्र लहान यंत्रामार्फत फिरत नाही, म्हणून गेमला वेग मिळतो. पण ती सोय चालू ठेवली की मोठी चिप झोपत नाही आणि बॅटरी झपाट्याने उतरते. कॉलेजात तासाला बसताना ती बंदच असावी.

आता खरेदीबद्दल. शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला जाणारा मुलगा थ्री-डी डिझाइन करणार असेल, किंवा घरात व्हिडिओ एडिटिंगचा धंदा असेल, तर वेगळ्या ग्राफिक्सचे पैसे वसूल होतात. बीकॉम, बीए, स्पर्धा परीक्षा, सेतू केंद्र, दुकानाचा हिशेब यासाठी ते नको. प्रोग्रॅमिंग शिकायलाही सुरुवातीला त्याची गरज नाही. वाचलेल्या पैशात १६ जीबी रॅम घ्या, तीही एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन पट्ट्यांत. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, त्यामुळे दोन पट्ट्यांनी त्याचाही वेग वाढतो.