वर्कस्टेशन घ्यायचंय? आधी ओटा मोजा!

फायनल इयरचे प्रोजेक्ट जाहीर झाले की होस्टेलमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "अरे, एआयचं काम करायचंय, प्रोसेसर कुठला घेऊ?" उत्तर द्यायला दहा जण तयार असतात. कुणी आय नाईन म्हणतो, कुणी रायझन नाईन. मग वादावादी होते, मेसचा चहा संपतो आणि प्रश्न तिथेच राहतो. कारण प्रश्नच चुकलेला असतो.

गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या खोलीतल्या चौघांनी घरून पैसे मागवून एक मशीन असेंबल करून घेतलं. प्रोजेक्ट होता काँक्रीटवरच्या भेगा फोटोतून ओळखण्याचा. प्रोसेसर १६ कोअरचा, कॅबिनेटमध्ये रंगीबेरंगी दिवे, पण ग्राफिक्स कार्ड मात्र ८ जीबीचं. "एवढं पुरतं हो," असं दुकानदार म्हणाला होता. मोठे फोटो देऊन ट्रेनिंग सुरू केलं की पहिल्याच मिनिटाला पडद्यावर 'आउट ऑफ मेमरी'! शेवटी फोटो लहान केले. ट्रेनिंग चाललं, पण फोटो लहान केल्यावर केसाएवढ्या बारीक भेगा फोटोतूनच गायब झाल्या, आणि ज्या भेगा शोधायच्या त्या नेमक्या याच. १६ कोअर बिचारे स्वस्थ बसून होते.

हे चौघांच्याच बाबतीत होतं असं नाही. डिपार्टमेंटसाठी मशीन मागवतानाही असंच होऊ शकतं, आणि तिथे तर एकदा घेतलेलं मशीन पुढच्या चार-पाच बॅचेसना वापरावं लागतं. म्हणून हा लेखप्रपंच.

मेसचं उदाहरण घेऊ

कॉम्प्युटर म्हणजे आपली मेस समजा. प्रोसेसर म्हणजे मुख्य आचारी. तो हुशार, कुठलंही काम करतो, पण असे आचारी मोजकेच, ८ किंवा १६. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोळ्या लाटणाऱ्या हजारो मावशी. प्रत्येकीला एकच साधं काम येतं, पण सगळ्या एकदम लाटतात. न्यूरल नेटवर्क म्हणजे शेवटी मॅट्रिक्सचे गुणाकार आणि बेरजा, म्हणजे पोळ्याच. म्हणून एआयचं काम कार्डावर चालतं.

पण मावशींना ओटा लागतो. कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, हा तो ओटा. मदरबोर्डवरची रॅम ही शेजारची खोली आणि डिस्क म्हणजे कोठीघर. कणीक ओट्यावर मावली तर काम झपाट्याने होतं. मावली नाही तर शेजारच्या खोलीत हेलपाटे घालावे लागतात. हे हेलपाटे किती महाग पडतात ते आकड्यांतच बघा. आरटीएक्स ४०९० या २०२२ साली आलेल्या कार्डाच्या मेमरीचा वेग सेकंदाला १००८ जीबी आहे. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातला रस्ता मात्र (पीसीआय एक्स्प्रेस ४, १६ लेन) एका दिशेने सेकंदाला सुमारे ३२ जीबी एवढाच नेतो. म्हणजे जवळपास तिसाव्या हिश्शाचा वेग.

हे दुखणं जुनंच आहे. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या ॲलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी 'ॲलेक्सनेट' बनवलं आणि चित्रं ओळखण्याच्या स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं. त्यांच्याकडे सुपरकॉम्प्युटर नव्हता. जीटीएक्स ५८० ही गेम खेळायची दोन कार्डं होती, प्रत्येकी ३ जीबीची. सुमारे ६ कोटी पॅरामीटरचं नेटवर्क ट्रेनिंगसाठी एका कार्डात मावेना, म्हणून त्यांनी नेटवर्कचे दोन भाग करून ते दोन कार्डांवर वाटले. ट्रेनिंगला पाच-सहा दिवस लागले. म्हणजे ओटा लहान पडण्याची अडचण त्यांनाही आली होती, फक्त त्यांनी ती आधी मोजली होती.

ओटा मोजायचा कसा?

हिशोब शाळेतला आहे. मॉडेलमध्ये जितके पॅरामीटर, त्याला प्रत्येक पॅरामीटरच्या बाइटने गुणायचं. १६ बिट म्हणजे २ बाइट. ७०० कोटी पॅरामीटरचं भाषेचं मॉडेल नुसतं चालवायचं तर ७०० कोटी गुणिले २, म्हणजे १४ जीबी. तेच ४ बिटांत दाबून बसवलं तर साडेतीन जीबी. ७००० कोटींचं मॉडेल १६ बिटांत १४० जीबी आणि ४ बिटांत ३५ जीबी. याशिवाय संभाषण लांबत जाईल तशी थोडी जागा वरून लागते, ती धरून ठेवा.

हे झालं नुसतं चालवण्याचं. ट्रेनिंगची गोष्ट वेगळी. तिथे पॅरामीटरबरोबर त्याचा ग्रेडियंट आणि ऑप्टिमायझरच्या नोंदीही ओट्यावर लागतात. नेहमीच्या ॲडम ऑप्टिमायझरने मिश्र प्रिसिजनमध्ये ट्रेनिंग केलं तर एका पॅरामीटरला साधारण १६ बाइट पडतात. म्हणजे तेच ७०० कोटींचं मॉडेल ११२ जीबी मागतं! शिवाय मधल्या थरांचे आकडे वेगळेच. फोटोंच्या कामात हेच मधले आकडे जास्त जागा खातात, आणि आमच्या शेजाऱ्यांची गाडी तिथेच अडली.

घाबरू नका, यावर उपाय आहेत. २०२१ साली लोरा ही पद्धत आली. तिच्यात मूळ मॉडेल गोठवून ठेवतात आणि थोडेसेच जादा पॅरामीटर शिकवतात. २०२३ साली क्यूलोरा आली. तिच्यात मूळ मॉडेल ४ बिटांत दाबून ठेवतात. त्यामुळे ६५०० कोटींचं मॉडेलसुद्धा ४८ जीबीच्या एका कार्डावर फाइन-ट्यून करता आलं. ७०० कोटींच्या मॉडेलचं असं काम १६ जीबीच्या कार्डावर बसवता येतं.

तर कार्ड निवडताना पहिला आकडा मेमरीचा. आरटीएक्स ३०९० आणि ४०९० दोन्ही २४ जीबीची, २०२५ सालची ५०९० ही ३२ जीबीची, आरटीएक्स ६००० एडा हे व्यावसायिक कार्ड ४८ जीबीचं आणि आरटीएक्स प्रो ६००० ब्लॅकवेल ९६ जीबीचं.

दुसरा आकडा मेमरीच्या वेगाचा, म्हणजे बँडविड्थचा. भाषेचं मॉडेल एकेक शब्दतुकडा काढताना दर वेळी सगळे पॅरामीटर मेमरीतून वाचतं. १४ जीबीचं मॉडेल आणि सेकंदाला १००८ जीबीचा वेग, तर भागाकार ७२. म्हणजे एका वेळी एकच उत्तर काढायचं असेल तर सेकंदाला ७२ तुकड्यांच्या वर जाणं शक्य नाही, मग कोअर किती का असेनात. आरटीएक्स ४०६० टीआयचं १६ जीबीचं कार्ड घेतलं तर ओटा बरा आहे, पण वेग सेकंदाला २८८ जीबी. हे मॉडेल त्यात कसंबसं मावेल, पण उत्तरं त्याच प्रमाणात हळू येतील. कार्डाच्या नावातला आकडा बघून भुलू नये ते यासाठीच.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं

एआयसाठी घेतलेलं मशीन ॲनालिसिसलाही तितकंच चालेल असं समजू नका. फायनाइट एलिमेंटचं उदाहरण घ्या. दहा लाख नोड, प्रत्येकाला तीन दिशा, म्हणजे ३० लाख अज्ञातं. डायरेक्ट सॉल्व्हर मॅट्रिक्सचे घटक पाडतो तेव्हा मुळात शून्य असलेल्या जागाही भरत जातात आणि मूळ मॅट्रिक्सच्या कितीतरी पट मेमरी लागते. रॅम संपली की सॉल्व्हर डिस्कवर लिहायला लागतो, आणि तासाभराचं काम रात्रभर चालतं. इथे ओटा म्हणजे रॅम. ६४ जीबीपासून सुरुवात करा आणि पुढे वाढवायला जागा ठेवा.

सीएफडीत बहुतेक वेळा रॅमचा वेगच आडवा येतो. साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीची दोन चॅनेल असतात. डीडीआर५-५६०० रॅम दोन्ही चॅनेलवर लावली तर सेकंदाला ८९.६ जीबी मिळतात. एकच स्टिक लावली तर त्याच्या निम्मे! आमच्या एका लॅबमध्ये नेमकी अशी मशीन आली होती. पावतीवर ३२ जीबी बरोबर होते, पण एकाच स्टिकमध्ये. पुरवठादाराची चूक कुणाच्या लक्षात आली नाही, कारण विंडोज तर छान चालत होतं. तेव्हा मशीन ताब्यात घेताना झाकण उघडून स्टिक मोजा.

दोन चॅनेलच्या मशीनवर १६ कोअर लावले तरी काही कोअरनंतर ओपनफोमचा वेग वाढेनासा होतो, कारण सगळे एकाच नळावर रांग लावून उभे. सीएफडी हेच मुख्य काम असेल तर जास्त चॅनेलचा प्रोसेसर बघावा. थ्रेडरिपर ७००० मालिकेला ४ चॅनेल आहेत आणि थ्रेडरिपर प्रोला ८. डीडीआर५-५२०० च्या आठ चॅनेलचा हिशोब सेकंदाला ३३२.८ जीबी येतो.

आणखी एक खाचखळगा आहे. ॲनालिसिसला अनेकदा ६४ बिटांची अचूकता लागते, म्हणजे डबल प्रिसिजन. गेमिंग कार्डांत ती मुद्दाम कमी ठेवलेली असते. ४०९० हे ३२ बिटांत ८२ टेराफ्लॉप्सच्या वर जातं, पण ६४ बिटांत त्याचा चौसष्टावा भाग, म्हणजे जेमतेम १.३. उलट ए१०० हे २०२० सालचं डेटा सेंटरचं कार्ड ३२ बिटांत १९.५ आणि ६४ बिटांत ९.७ देतं. म्हणजे 'जास्त पॉवरफुल कार्ड' हे कामावर ठरतं. आपला सॉल्व्हर कार्ड वापरतो का, वापरत असेल तर कुठल्या प्रिसिजनमध्ये, आणि आपला परवाना किती कोअरसाठी आहे, हे तीन प्रश्न आधी विचारा.

कॅडवाल्यांसाठी एका वाक्यात: पार्टचं मॉडेल रिबिल्ड होताना बहुतेक काम एकाच कोअरवर होतं, तेव्हा खूप कोअरपेक्षा एका कोअरचा वेग बघा. १९६७ साली जीन ॲमडाल यांनी हेच मांडलं. कामाचा १० टक्के भाग जर वाटून देता येत नसेल, तर कितीही आचारी ठेवा, वेग दहापटीच्या वर जाणार नाही.

वीज, उष्णता आणि रेक्टर सर

होस्टेलवर इमर्शन रॉड आणि हीटरला बंदी का असते ते सगळ्यांना माहीत आहे. आता ४०९० कार्ड ४५० वॉट घेतं, जोरात चाललेला प्रोसेसर २००-२५०, बाकी किरकोळ. एकूण ७५० वॉटच्या आसपास. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. म्हणजे रेक्टर सरांच्या नजरेतून सुटलेला छोटा हीटरच! दहा तास ट्रेनिंग चाललं तर साडेसात युनिट.

घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. या मशीनला तो लावला आणि वीज गेली की यूपीएस त्याच क्षणी मान टाकणार. यूपीएस वॉट बघून घ्या, आणि सगळं एकाच ६ अँपियरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लटकवू नका. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॉट. त्यात कुणी इस्त्री लावली की बोर्ड तापलाच समजा. लॅबमध्ये १६ अँपियरचा पॉइंट घ्यावा.

एसएमपीएसमध्ये काटकसर नको. ४०९० साठी एनव्हिडिया किमान ८५० वॉटचा सांगते, ५०९० साठी १००० वॉटचा. नव्या कार्डांचा १६ पिनांचा कनेक्टर शेवटपर्यंत दाबून बसवा. तो अर्धवट बसला तर वितळल्याच्या घटना २०२२ पासून झालेल्या आहेत. उन्हाळ्यात कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून खाली आणता येते. ४५० ची ३५० केली तरी वेग त्या प्रमाणात घटत नाही, खोली मात्र बरीच थंड राहते.

पुढे दुसरं कार्ड टाकायचा विचार असेल तर आत्ताच मदरबोर्ड तसा घ्या. दोन स्लॉटमध्ये अंतर किती आणि दोन्ही कार्डं लावल्यावर लेन किती उरतात ते बघा. ३०९० ला दोन कार्डं थेट जोडायची एनव्हीलिंकची सोय होती, ४०९० पासून ती काढून टाकली. चार-चार दिवस चालणारी ॲनालिसिस असेल तर चुका दुरुस्त करणारी ईसीसी रॅम घ्यावी. डिस्कसाठी २ टीबी एनव्हीएमई बस झाली, आणि बॅकअपला एक वेगळी डिस्क.

मग घ्यायचं की नाही?

खरं सांगायचं तर पुष्कळांना घ्यायची गरजच नाही. गूगल कोलॅबवर १६ जीबीचं टी४ कार्ड फुकट वापरता येतं, वेळेची मर्यादा सांभाळून. डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये रात्री मशीन रिकामी असतात, सरांना विचारून बघा. आधी छोटं मॉडेल अशा ठिकाणी चालवा आणि मेमरी किती लागते ते प्रत्यक्ष मोजा. तो आकडा हातात आला की त्यात थोडी वाढ धरा आणि मग खरेदीचं बोला.

लॅमिंग्टन रोडला किंवा जिथे जाल तिथे, खिशात एक कागद ठेवा. त्यावर लिहा: काम कुठलं, मॉडेल केवढं, व्हीरॅम किती, रॅम किती आणि किती स्टिकमध्ये, एकूण वॉट किती. पैसे उरले तर प्रोसेसर वाढवा, दिवे सगळ्यात शेवटी. रॅमचा भाव त्याच दिवशी विचारा, कारण २०२५ च्या अखेरीपासून तो फारच वर चढलेला आहे.

आमच्या शेजाऱ्यांचं पुढे काय झालं? नवं कार्ड घेण्याइतके पैसे उरले नव्हते आणि घरी पुन्हा मागायची लाज वाटत होती. शेवटी त्यांनी फोटो लहान न करता त्यांचे चौकोनी तुकडे केले, एका वेळी दोन-दोन तुकडे कार्डाला दिले, १६ बिटांत ट्रेनिंग केलं आणि ग्रेडियंट साठवून मग एकदम वापरले. वेळ लागला, पण बारीक भेगा दिसायला लागल्या. प्रोजेक्ट सबमिट झाला. हा हिशोब खरेदीच्या आधी केला असता तर एवढी धावपळ झाली नसती, असं तेच आता ज्युनियर्सना सांगतात. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरंच, पण आधी अंथरूण मोजावं लागतं!