साक्ष मालकाची, निवाडा आपला

डोंगरातल्या पायवाटेवर चढायलाही चालावी आणि उतरायलाही, म्हणून पुढच्या चाकाबरोबर मागच्या चाकालाही शॉक बसवलेली सायकल ट्रेल बाइक म्हणून ओळखली जाते. अमेरिकेत तिची किंमत साधारण 2,000 डॉलरपासून सुरू होते आणि 10,000 च्या पुढे जाते. इतके पैसे मोजायचे, पण दुकानासमोरच्या डांबरी रस्त्यावर दोन फेऱ्या मारून तिची पारख होत नाही. तिचे खरे गुण खडकांत, मुळांत आणि चिखलातच कळतात. त्यामुळे घेणारा माणूस साहजिकच ती आधी घेतलेल्यांना विचारतो. उत्तर बहुधा एकच मिळते, डोळे झाकून घ्या. पंचाईत अशी की दुसऱ्या कंपनीची सायकल घेतलेलाही तिच्याबद्दल हेच सांगतो. सगळ्यांचीच सायकल सर्वांत चांगली असणे शक्य नाही, आणि हे सगळे खोटे बोलतात असेही नाही. मालक उत्तम साक्षीदार असतो, पण न्यायाधीश म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही. सायकलचे काय झाले हे त्याला विचारावे. सायकल कशी आहे हा निकाल त्याच्याकडून घेऊ नये. असे का, याचे अर्धे उत्तर या यंत्राच्या घडणीत आहे आणि अर्धे माणसाच्या मनात.

यंत्राचा जन्म साधा होता. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या उतारावर 21 ऑक्टोबर 1976 रोजी पहिली ‘रीपॅक’ शर्यत झाली. जुन्या, जाड टायरच्या सायकली दामटत पोरे खाली यायची; मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की ग्रीस जळून जायचे आणि हब उघडून पुन्हा भरावा लागायचा. शर्यतीचे नाव त्यावरूनच पडले. 1977 मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडा बनवला, 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ बाजारात आली. या सायकलींना शॉक नव्हते. पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्स कंपनीचा पहिला फोर्क 1989 मध्ये आला. सायकलच्या दुकानात ज्याला चिमटा म्हणतात तो आता जेमतेम 50 मिमी दबू लागला. पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला झालेल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी तो लावून उताराची शर्यत जिंकली आणि शॉक म्हणजे नखरा असे म्हणणाऱ्यांचा आवाज बसला. आज स्टंपजंपर याच नावाची सायकल मागे 145 मिमी दबते. चढ-उताराच्या क्रॉस-कंट्री शर्यतीच्या सायकली 100 ते 120 मिमी दबतात, निव्वळ उताराच्या 200 मिमीच्या आसपास. ट्रेल बाइक या दोहोंच्या मधली, साधारण 120 ते 150 मिमीची. म्हणजे ती मुळातच तडजोड आहे, आणि तडजोडीत कोणाला काय जास्त हवे यावर मत ठरते.

पुढचा शॉक बसवणे त्यामानाने सोपे होते. मागे अडचण अशी की चाक वरखाली व्हायला हवे, पण पॅडल मारताना साखळीच्या ओढीने सांगाडा डुलता कामा नये आणि ब्रेक दाबल्यावर आवळता कामा नये. हॉर्स्ट लाइटनर यांनी मागच्या आसाच्या थोडे पुढे आणि खाली एक सांधा टाकून यावर तोड काढली. त्या रचनेचे पेटंट 1998 मध्ये स्पेशलाइज्डने विकत घेतले आणि इतर अनेकांना वेगळ्या वाटा शोधाव्या लागल्या. सांटा क्रूझने दोन छोट्या दुव्यांची व्हीपीपी रचना घेतली, डेव्ह वीगल यांनी डीडब्ल्यू-लिंक काढली, ट्रेकने सांधा थेट आसाभोवतीच बसवला, येटीने फॉक्सच्या मदतीने दोन दांड्यांवर सरकणारी ‘स्विच इन्फिनिटी’ बनवली. या रचनांवर भक्तिभावाने वाद घातले जातात. पण कोणती चांगली याचे उत्तर देताना मालक बहुतेक वेळा रचनेबद्दल बोलतच नसतो. तो बोलतो स्वतःच्या वजनाबद्दल आणि शॉकमध्ये स्वतः भरलेल्या हवेबद्दल.

हे आकड्यांत पाहू. मागचे चाक 140 मिमी वर जाते तेव्हा शॉक फक्त 55 मिमी दबतो, असे धरा. म्हणजे चाकावर पडणारा भार शॉकवर सरासरी अडीचपट होऊन येतो. स्वार नुसता बसल्यावर शॉक किती दबावा, ज्याला सॅग म्हणतात, त्याचे मागच्या बाजूचे रूढ प्रमाण 25 ते 30 टक्के. या शॉकला ते साधारण 14 ते 16.5 मिमी पडते. 60 किलोच्या माणसाला ते जमवायला जेवढी हवा लागते, 90 किलोच्या माणसाला तिच्या जवळपास दीडपट. हवा वाढली की शॉक परत उसळताना जास्त जोर करतो, मग ती उसळी रोखण्यासाठी आतल्या तेलाचा मार्ग अधिक आवळावा लागतो. कंपनी आतला व्हॉल्व्ह मधल्या वजनाचा स्वार डोळ्यांपुढे ठेवून बसवते, म्हणून फार हलक्या आणि फार जड माणसाला तीच सायकल ही उसळी आवरणाऱ्या नॉबच्या दोन टोकांना चालवावी लागते. त्यात टायरमधल्या हवेचा फरक मिळवा. आता एक मालक म्हणतो सायकल दगडासारखी कडक आहे, दुसरा म्हणतो चढावर खाली बसते. दोघेही खरे सांगत आहेत, आणि दोघांच्याही सांगण्यातून तिसऱ्या माणसाला काहीच कळत नाही, कारण वजन, हवा आणि सॅग हे तीन आकडे कोणीच सांगितलेले नाहीत.

मनाची बाजू याहून जुनी आहे. 1956 मध्ये जॅक ब्रेहम या मानसशास्त्रज्ञाने काही स्त्रियांना घरगुती वापराच्या वस्तूंना गुण द्यायला सांगितले, मग त्यांतल्या दोन वस्तूंपैकी एक निवडून घ्यायला लावली आणि पुन्हा गुण मागितले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले, सोडलेल्या वस्तूचे घटले. वस्तू मात्र त्याच होत्या. या प्रयोगाच्या गणितावर पुढे आक्षेप आले, पण ते ध्यानात घेऊन आखलेल्या प्रयोगांतही हा कल दिसला. जिथे घरगुती वस्तूबाबत असे होते, तिथे काही हजार डॉलर मोजून घेतलेल्या सायकलीबाबत काय होणार? शिवाय मालक तुलना करतो ती स्वतःच्या आधीच्या सायकलीशी. ती दहा-पंधरा वर्षे जुनी असेल तर तिचा पुढचा फोर्क बराच उभा असायचा, जमिनीशी साधारण 67 ते 70 अंशांचा. आजच्या ट्रेल बाइकचा कोन 64 ते 66 अंशांपर्यंत आडवा झाला आहे, त्यामुळे तीव्र उतारावर ती डोक्यावर उलटेल अशी धास्ती वाटत नाही. त्यात हँडलवरचे बटण दाबून खाली-वर होणारी सीट आणि 29 इंची चाके आली. इतक्या वर्षांनी नवी सायकल घेणारा हरखून जातो, आणि त्या काळातल्या कोणत्याही कंपनीच्या सायकलीने तो तसाच हरखून गेला असता. त्याची स्तुती एका मॉडेलच्या नावावर जमा होते, पण ती असते सगळ्या पिढीची.

मग मालकाला विचारायचेच कशाला? कारण एक गोष्ट त्याच्याकडे असते जी दुसऱ्या कोणाकडेही नसते, आणि ती म्हणजे काळ. मागच्या सांध्यांत बहुतेक सायकलींना चार ठिकाणी मिळून आठेक बेअरिंगे असतात. चाकाच्या बेअरिंगासारखी ती पूर्ण फिरत नाहीत, थोड्याच अंशांत मागेपुढे हलतात. त्यामुळे भार कायम त्याच छर्ऱ्यांवर पडतो, ग्रीस पसरत नाही आणि पाणी शिरले की त्याच जागी गंज धरतो. हे पहिल्या महिन्यात कळत नाही, पहिल्या पावसाळ्यानंतर कळते. पॅडलच्या दांड्यांचा आस धरणारा, दाबून बसवलेला बॉटम ब्रॅकेट कुरकुरायला लागतो तोही तेव्हाच. काही नव्या सायकलींत ब्रेकची नळी हँडलखालच्या बेअरिंगातून आत नेलेली असते. दिसायला सफाईदार, पण ते बेअरिंग बदलायचे तर ब्रेक उघडावा लागतो, हे पहिल्यांदा मेकॅनिककडे गेलेला मालकच सांगू शकतो. रॉकशॉक्सच्या अनेक शॉकांची छोटी सर्व्हिस 50 तासांनी सांगितलेली असते, फॉक्सची 125 तासांनी किंवा वर्षातून एकदा. आठवड्याला सहा तास चालवणाऱ्याचे 50 तास दोन महिन्यांत भरतात. या सर्व्हिसला किती पैसे पडले, सुटे भाग यायला किती दिवस लागले, सांगाड्याला तडा गेल्यावर कंपनीने काय केले, ही मते नाहीत, घडलेल्या गोष्टी आहेत. सांटा क्रूझ पहिल्या मालकाला सांध्यांची बेअरिंगे सायकल असेपर्यंत फुकट देते. या वचनाची किंमत ओल्या प्रदेशातल्या मालकाला विचारली तर खरी कळते.

प्रदेश हा मुद्दा इथे निर्णायक ठरतो. युटातल्या मोआबला कोरडा खडक आणि बारीक वाळू, तर कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने ओल. मोआबचा मालक बेअरिंगांची तारीफ करत असेल तर त्यात बेअरिंगांपेक्षा हवामानाचे श्रेय जास्त. पुण्या-कोल्हापूरच्या वाचकाने, ज्याला जून ते सप्टेंबर सह्याद्रीतल्या चिखलात सायकल न्यायची आहे, कॅलिफोर्नियातल्या पन्नास मालकांपेक्षा व्हँकुव्हरच्या पाचांचे ऐकावे. शिवाय त्याने आणखी एक गोष्ट तपासावी. सांध्यांत 6902 सारख्या प्रमाण क्रमांकाची बेअरिंगे असतील तर ती शहरातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात. कंपनीने स्वतःसाठी बनवून घेतलेला भाग मात्र परदेशातून मागवावा लागतो, आणि तोवर सायकल भिंतीला टेकून राहते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की एकट्या मालकाचे मत डगमगते असले तरी शेकडो मतांची सरासरी काढली की चुका एकमेकींना खोडून काढतात. हे खरे, पण चुका निरनिराळ्या दिशांच्या असतील तेव्हाच. इथे सगळ्यांचा कल एकाच बाजूला आहे, स्वतःच्या खरेदीच्या बाजूला, आणि तो हजार मतांनीही खोडला जात नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: ज्याचे काही बिघडते तोच बोलतो, ज्याची सायकल नीट चालते तो गप्प फिरत असतो, मग तक्रारींवर तरी विश्वास कसा ठेवायचा? आक्षेप योग्य आहे. म्हणूनच तक्रारी मोजायच्या नसतात, त्यांची जागा पाहायची असते. वीस जणांनी वीस गोष्टींबद्दल कुरकुर केली तर ती माणसांची तऱ्हा समजावी. सहा अनोळखी मालकांनी त्याच सांध्याजवळ, त्याच वळणावर गेलेला तडा दाखवला तर तो सांगाड्याचा दोष मानावा. तिसरा आक्षेप म्हणजे, हे काम परीक्षकांवरच सोडावे. वळणावर सायकल कशी वागते, चढावर कशी ओढते, याची तुलना परीक्षक नक्कीच चांगली करतो, कारण तो एकाच वाटेवर चार सायकली लागोपाठ चालवतो आणि त्यांतली एकही त्याच्या पैशाची नसते. या बाबतीत त्याचेच ऐकावे. पण त्याच्याकडे सायकल येते नवी आणि बेअरिंगे गंजण्याआधी परत जाते. त्याची साक्ष जिथे संपते तिथे मालकाची सुरू होते.

तेव्हा विचारण्याची रीत बदलली पाहिजे. ‘कशी आहे?’ हा प्रश्न सोडावा. उंची आणि वजन किती, सॅग किती ठेवता, किती महिने किंवा तास चालवली, कोणत्या जमिनीवर, काय बदलावे लागले आणि किती पैसे गेले, हे विचारावे. त्यातही ‘घेतल्यावर पहिल्यांदा काय बदललेत?’ हा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण तोंडाने स्तुती करणारा माणूसही नको असलेल्या भागावर खिशातून पैसे घालताना खरे बोलून जातो. टायर बदलले असतील तर फारसे काही नाही, ती आवडीची आणि जमिनीची बाब आहे. अनेकांनी ब्रेक किंवा मागचा शॉकच बदलला असेल तर किमतीत तेवढी रक्कम मिळवूनच हिशेब करावा. सायकल विकायला काढलेला मालकही अवश्य गाठावा. तिचे समर्थन करण्याची गरज त्याला निदान निम्म्याने उरलेली नसते.

राहिला प्रश्न मापाचा, आणि तो मालकावर किंवा परीक्षकावर सोडू नये. बसल्यावर आणि पॅडलवर उभे राहिल्यावर हात कुठे येतात, पाठ किती ताणली जाते, हे स्वतःच्या अंगाला विचारायचे असते, आणि त्यासाठी दुकानासमोरच्या त्या दोन फेऱ्या पुरेशा आहेत. थोडक्यात, माप स्वतः पाहा, चाल कशी आहे ते परीक्षकांना विचारा, टिकते कशी ते मालकांना विचारा. आणि मालकांत दोन वर्षे ती चालवलेला, तुमच्या वजनाचा आणि तुमच्यासारख्याच जमिनीवर फिरणारा एक जरी भेटला, तरी बाकीच्यांची शिफारस बाजूला ठेवून त्याच्याकडची बिले पाहा.