डेलानोचे अगबायानी व्हिलेज

कॅलिफोर्नियाच्या सान वाकीन खोऱ्यात, क्षितिजापर्यंत पसरलेल्या द्राक्षमळ्यांच्या मध्ये वसलेल्या डेलानो शहराच्या पश्चिमेस, शेतमजुरांच्या संघटनेने १९६६ साली जी चाळीस एकर जमीन खरेदी केली, तिच्यावर १९७४ मध्ये वृद्ध फिलिपिनो मजुरांसाठी ‘पाउलो अगबायानी व्हिलेज’ हा निवास उभा राहिला. कौलारू छप्पर, फुलझाडांचे अंगण, सामाईक भोजनगृह आणि साठाच्या सुमारास खोल्या. परंतु प्रत्येक खोली एकाच माणसापुरती. या रचनेमागे कायद्याने लादलेले एकाकीपण आहे.

१८९८ मध्ये फिलिपाइन्सवर अमेरिकेचा अंमल बसल्यावर तेथील लोक त्या देशाचे प्रजाजन ठरले, नागरिक मात्र नव्हेत. आणि पुढे मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते म्हणून हजारो तरुण आले, त्यांत स्त्रिया अत्यल्प. गोऱ्या स्त्रीशी विवाहाची बंदी आपल्याला लागू नाही, असा निवाडा त्यांनी १९३३ साली न्यायालयातून मिळविला, तोच त्याच वर्षी कायदेमंडळाने ती बंदी स्पष्ट शब्दांत त्यांच्यावर लादली. १९३४ च्या कायद्याने वर्षाला अवघ्या पन्नास जणांना प्रवेशाची परवानगी ठेवली. १९४६ मध्ये नागरिकत्वाचा हक्क मिळाला (त्याच कायद्याने तो हिंदी लोकांनाही मिळाला, हे आपण ध्यानी ठेवावे) आणि १९४८ मध्ये विवाहबंदी रद्द झाली, तोपर्यंत या पुरुषांची उमेद मळ्यांत आणि मजूरछावण्यांत सरून गेली होती.

तरीही ८ सप्टेंबर १९६५ रोजी फिलिपिनो मजूरनेते लॅरी इटलियाँग यांच्या नेतृत्वाखाली द्राक्षमळ्यांतील संप पुकारला तो याच उतारवयीन माणसांनी. मालकांनी छावण्यांतील वीज-पाणी तोडले, कित्येकांना बाहेर काढले. शेतमजूरनेते सीझर चावेझ यांचे मेक्सिकन सहकारी आठवडाभराने त्यांना येऊन मिळाले. ज्यांच्या नावाने हा निवास ओळखला जातो, ते अगबायानी १९६७ मध्ये संपाच्या पहाऱ्यावर असतानाच हृदयविकाराने वारले. १९७० च्या जुलैमध्ये मळेवाल्यांनी करारनाम्यांवर सह्या केल्या त्या याच जमिनीवर. पण छावणीखेरीज ज्यांना घरच नव्हते, त्यांनी राहावे कोठे, हा प्रश्न उरलाच होता, आणि तो सोडविण्यासाठी असंख्य स्वयंसेवकांनी येथे विटा वाहिल्या.

संपाची कीर्ती चावेझ यांच्याकडे गेली, इटलियाँग मागे राहिले, हा अन्याय मला बोचतो. संघटनेचे उपाध्यक्ष फिलिप वेरा क्रूझ यांनी तर, चावेझ यांनी फिलिपाइन्समधील मार्कोसच्या हुकूमशाही सरकारचे निमंत्रण स्वीकारल्यावर, १९७७ मध्ये पद सोडले. २००८ साली ही जमीन राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर झाली. इटलियाँग यांच्या नावाचा दिवस कॅलिफोर्नियाने मंजूर केला तो मात्र २०१५ मध्ये.