बीटच्या हंगामातील सुट्टी

अमेरिकेतील मिनेसोटा व नॉर्थ डकोटा यांच्या सीमेवर रेड नदीच्या खोऱ्यात ऑक्टोबरात साखरेच्या बीटची काढणी चालते. अनेक निवृत्त दांपत्ये आपले मोटारघर घेऊन या हंगामी कामास येतात. पाळी १२ तासांची. ऊन वाढले की उघड्यावर रचलेले बीट तापून कुजू लागते, म्हणून काम थांबते; तीच यांची सहलीची सुट्टी!

गतवर्षी अशा मित्रमंडळींसमवेत मिसिसिपीचे उगमस्थान, इटास्का सरोवर, पाहण्याचा योग आम्हास आला. मोटार चालविणारे गृहस्थ मात्र रात्रपाळी करून थेट आलेले. रात्रिजागरणाने रूक्षता व वातवृद्धी होते हे आपण जाणतोच. वाग्भटांनी जागरणाच्या निम्मा काळ सकाळी, काही न खाता झोपण्यास सांगितले आहे, ते आम्ही त्यांना ऐकविले. ते हसले, पण न्याहारी बाजूस सारून चार तास झोपले. रुग्णास आपण पाळी विचारतो, सुट्टी कशी घालविता हे विचारीत नाही. ही त्रुटी आमचीही.

१८९१ साली स्थापन झालेल्या त्या उद्यानात पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. महानदी दगडांवरून पाय टाकीत ओलांडली. छायाचित्रे तेवढी धूसर आली.